चेंडू टाकणारे हात

इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमधील भारतीय फिरकी गोलंदाज म्हटले की नॉर्दम्प्टनशायरचे बिशनसिंग बेदी अथवा नॉटिंगहॅमशायर आणि वॉरिकशायरकडून खेळलेले दिलीप दोशी आठवतात. दोघेही डावखुरे. परंतु त्यांच्या कितीतरी आधी, 1911 च्या उन्हाळ्यात, आणखी एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने कौंटी संघांच्या फलंदाजांना नमवले होते. ते म्हणजे आपले बाळू पालवणकर.

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो भारतीय संघ बहुतेक सामने हरला. लिस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांना मात्र त्याने हरवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात बाळूंनी 103 धावांत 8 बळी टिपले. साऱ्या दौऱ्यात त्यांचे बळी झाले 114.

हे यश कोठून आले? पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करणारे ते एक चाकर होते. पगार महिना 4 रुपये. सरावासाठी आलेल्या साहेबांना ते तासन्‌तास चेंडू टाकीत. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज बाद झाले की त्यांना 8 आणे देत, असे सांगतात. या चाकरीत त्यांची गोलंदाजी घडली. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी देण्यात आली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. चांभार समाजातील या गोलंदाजाने घेतलेले बळी संघाला चालत. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

आम्ही मंठ्याला राहतो. कापसाची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या की इथल्या मोकळ्या रानात मुले खेळू लागतात. काळ्या, भेगाळलेल्या जमिनीवर चेंडू कुठे वळेल याचा नेम नसतो. नेम असतो तो एकाच गोष्टीचा : ज्याची बॅट, त्याची पहिली पाळी. ज्यांच्या घरी बॅट नाही ती मुले दुपारभर चेंडू टाकतात, बाभळीच्या काट्यांतून तो शोधून आणतात, आणि त्यांची पाळी येण्याआधीच अंधार पडतो. ‘पोरांचा खेळ आहे,’ असे म्हणून आम्ही मोठी माणसे पुढे जातो. परंतु कोणाला काय मिळायचे हे हक्काने नव्हे, ऐपतीने ठरते, हा धडा मुले तिथेच गिरवत असतात.

बाळूंची योग्यता सर्वांनी मान्य केली, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. म्हणून 1920 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. विठ्ठल 1923 मध्ये त्याच संघाचे कर्णधार झाले. ती दयेने दिलेली जागा नव्हती. भावांनी ताठ मानेने मिळवलेली होती.

गुणांचे कौतुक करणे सोपे असते, कारण त्यात आपले काही जात नाही. जागा द्यायची म्हणजे आपल्याला थोडे सरकावे लागते. राबणाऱ्या हातांना आपण शाबासकी देतो. पाळी देतो का? ज्या दिवशी होय म्हणता येईल, त्या दिवशी बाळूंचे 114 बळी खऱ्या अर्थाने आपले होतील.