पिल्लाची आई दाखवा

प्रिय मुक्ता,


बीगलच्या पिल्लाचे फोटो पाहिले. पिल्लू गोड आहे, यात वादच नाही. वाद आहे तो ते विकणाऱ्या माणसाच्या घरात आहे का, याचा. म्हणून फोनवर हो-नाही न म्हणता सविस्तर लिहितोय.

विकणारा लष्करात, अचानक बदली, म्हणून निम्म्याहून कमी किमतीत देतोय. शिवाय न मागता ओळखपत्राचा फोटो. जुनी बुलेट, सोफा, भाड्याचा फ्लॅट, सगळीकडच्या ऑनलाइन फसवणुकीत हा गणवेश भेटतो. गणवेशावर शंका घ्यायला आपल्याला संकोच वाटतो, हे फसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांची रीत ठरलेली: आधी छोटंसं टोकन. मग विमानाच्या कार्गोचे पैसे, मग एसी पिंजऱ्याचे, मग विम्याचे, आणि हे शेवटचे म्हणे नक्की परत मिळणार. त्यानंतर पिल्लू विमानतळावर अडकतं, उपाशी राहतं. पैसे थांबवलेस तर प्राणिछळाची केस तुझ्यावरच पडेल अशी धमकी येते. खरी कमाई टोकनात नाही, या पुढच्या हप्त्यांत आहे. कारण तोवर घरात पिल्लाचं नाव ठेवून झालेलं असतं. तुझ्या ईशानने ठेवलं असेलच.

'४५ दिवसांचं पिल्लू' असं त्याने लिहिलंय. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं, म्हणजे ५६ दिवस न भरलेलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. तो नोंदणी क्रमांक माग. (४५ दिवसांची जाहिरात खरे विक्रेतेही सर्रास करतात, हे वेगळंच दुखणं.) केनेल क्लबचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला म्हणून हुरळून जाऊ नकोस, तसा कागद कॉम्प्युटरवर कोणीही बनवतो.

फोटो गूगल लेन्सवर टाकून बघ. तेच पिल्लू दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने विकायला असेल. पण हल्ली फोटो यंत्राकडूनही बनवून मिळतात, तेव्हा काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. व्हिडिओ कॉल लावायला सांग, पिल्लाला उचलून त्याचा डावा कान दाखवायला सांग. कॅमेरा बिघडलाय असं उत्तर आलं, तर विषय संपला.

'पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं म्हणाला तर फोन ठेव. बँकेतल्या नोकरीत कितीजणांना हे समजावलं असेल! यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. टोकन गेलंच असेल तर आज रात्रीच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेव. पैसे पुढे काढले गेले नसतील तर खात्यात गोठवता येतात. यात तास मोजावे लागतात, म्हणून जावईबापूंना कसं सांगू या विचारात वेळ घालवू नकोस.

आणि बीगल नाही तर पोपट, असा ईशानचा हट्ट असेल तर तोही मोड. आपला हिरवा पोपट विकत घेणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. अशा खरेदीत फसलेला माणूस पोलिसांकडे जायलाही कचरतो.

तूर्त त्या माणसाला एवढंच लिही: शनिवारी मामा येऊन पिल्लू आणि त्याची आई बघतील, पैसे तिथेच देतील, पत्ता पाठवा. काय उत्तर येतं ते कळव.

तुझा,
मामा