ज्याच्या त्याच्या सोयीने

कोकण किनाऱ्याने हिंडायला निघालेला माणूस आधी मासळीचं ताट शोधतो आणि मग मोकळी पुळण. मीही त्यातलाच. पण ताट आटोपल्यावर आसपासचं एखादं राखलेलं रान बघून यायची खोड मला लागली आहे, आणि अशी राने बघताना एक जरा अडचणीची गोष्ट जाणवत गेली. इथलं जे रान टिकलं, ते निसर्गावरच्या मायेने टिकल्याचं क्वचितच दिसतं. कुणाची हौस, कुणाची भीती, कुणाचा कंटाळा, अशा भलत्याच कारणांनी ते तगलं आहे.

मुरूडजवळचं फणसाड घ्या. अभयारण्य म्हणून ते १९८६ साली जाहीर झालं, पण त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. नवाबाला सावज हवं, सावजाला आडोसा हवा, म्हणून कुऱ्हाडीला मज्जाव. बंदुकीच्या हौसेने झाडं वाचली, आणि आज त्याच झाडांखाली आपण दुर्बीण घेऊन उभे राहतो. इथे पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण, अशी त्यांची नावं. उन्हाळ्यात अशा एखाद्या गाणीकडे जाताना डोक्यावर आधी कसला तरी चोथा पडतो. सालीचे तुकडे, कुरतडलेल्या बिया. वर पाहिलं की उंच फांदीवर शेकरू. मागचे पाय फांदीला घट्ट धरलेले, झुपकेदार शेपूट खाली सोडलेली, आणि पुढच्या दोन पायांत धरलेलं फळ भराभर फिरवत कुरतडणं चाललेलं. आपली दखल घ्यायला त्याला फुरसत नसते. जवळच गारंबीचा वेल झाडांना विळखे घालून वर गेलेला असतो. त्याच्या शेंगा हातभर लांब. आतली बी चपटी, तपकिरी, तुळतुळीत, मुठीत धरून बसावं अशी. अशी बी खिशात घालायचा मोह होतो. घालू नये. अभयारण्यातली आहे.

कर्नाळ्याबद्दल मी फार लिहीत नाही. पक्षी तिथे आहेत, किल्ल्याचा सुळकाही देखणा आहे. पण मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्याच्या पोटातूनच जातो, आणि पक्ष्याची शीळ व ट्रकचा हॉर्न एकाच वेळी ऐकायची तयारी माझ्यापाशी नाही.

भीतीने राखलेलं रान पाहायचं तर देवराईत जावं. तळकोकणात रवळनाथाच्या नाहीतर वेतोबाच्या देवळामागे एकदम गर्द झाडी लागते. बाहेर काजू-कलमांची आखीव बाग, आत मात्र एकमेकांत गुंतलेले वेल आणि वर्षानुवर्षांचा पालापाचोळा. सरपणासाठी वणवण करणाऱ्या गावानेही इथली पडलेली फांदी उचललेली नसते. “देवाच्या रानातली काटकी घराक न्हेवची नाय,” एवढं सांगून म्हातारी मोकळी होते. झाड तोडायची वेळच आली तर आधी देवाला कौल लावायचा. कायद्याच्या पुस्तकात एवढी जरब नाही. मात्र देऊळ सिमेंटचं करायचं ठरलं की देव पुष्कळदा फारच लवकर कौल देतो, हेही खरं.

कांदळवनाची गोष्ट आणखी मजेची. चिखल, डास, कुजका वास. त्यामुळे तिथे कुणी फिरकत नसे, आणि खाडीकाठच्या जमिनीला भाव येईपर्यंत ही नावड त्याच्या पथ्यावर पडली. नंतर मात्र भराव पडू लागले, आणि २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला तोडीवर बंदी घालावी लागली. ओहोटीला तिवराजवळ जावं. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली असतात. खालच्या गाळात हवा नाही म्हणून झाडाने श्वास घेण्यासाठी केलेली ही सोय. पान उलटसुलट करून पाहावं, बोट फिरवून जिभेला लावावं. खारट लागतं. नको असलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. ठाणे खाडीत याच तिवरांसमोर हजारो रोहित पक्षी उतरतात. त्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत गेली. खाडीत सोडलेल्या सांडपाण्यावर शेवाळ माजतं आणि त्यावर हे पक्षी पोसतात, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे त्या गुलाबी थव्यात महानगराच्या गटारांचाही वाटा. हे ऐकून पक्ष्यांचं देखणेपण माझ्या लेखी कमी झालं नाही, पण फोटो काढताना गंमत वाटते खरी.

उलट, मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यात किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला आपली सोय काही दिसली नाही. दिसली ती जाळ्यावरची बंदी. त्याचा विरोध अजून मुरलेला आहे. वेळासला नेमकं याच्या उलट घडलं. कासवाची अंडी पूर्वी खुशाल उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं पाहायला पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांची राहायची सोय झाली, आणि ओटीवर मोदकांची ताटं मांडली जाऊ लागली. काही जण याला धंदा म्हणून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर वाळूतून वर आलेलं ते बोटभर काळं पिल्लू वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे निघतं, तेव्हा त्याला कुणाच्या हेतूशी काय देणंघेणं?

आता मला काळजी वाटते ती सड्यांची. जांभ्याचं हे कातळपठार सातबाऱ्यावर पोटखराबा. नांगराला निरुपयोगी, म्हणूनच आजवर सुखरूप. पावसात त्यावर सीतेची आसवं आणि गेंद यांचे गालिचे पसरतात, आणि कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, पोटात इतर प्राणी घेऊन उभा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा काही कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण आता कातळालाही किंमत आली आहे. सुरुंग लावून, माती भरून कलमं लावता येतात. चिरे काढता येतात. प्रकल्पाला सलग जमीन मिळते. म्हणून सांगतो, येत्या श्रावणात मासळी तशीही बहुतेकांच्या ताटात नसते. छत्री घ्यावी, शेवाळावर न घसरणारी पायताणं घालावीत आणि वाटेतल्या वाडीत विचारून सड्यावर चढावं. गुरं राखणाऱ्या पोरांना सगळी चित्रं तोंडपाठ असतात.