काळी पट्टी कोणी ओढायची?

दुसऱ्यांची पत्रं वाचणं हा माझा गेल्या चौदा वर्षांचा धंदा आहे. मी वकील आहे, पण सनद मिळाल्यानंतरची दोन वर्षं सोडली तर कोर्टाची पायरी चढलेले नाही. अमेरिकेत दोन कंपन्यांचं भांडण कोर्टात गेलं की खटल्याशी संबंधित कागद एकमेकांना दाखवावे लागतात, असा तिथला नियम आहे. कागद म्हणजे आता मुख्यतः ई-मेल, आणि तेही लाखोंनी. ते कुणीतरी बसून वाचावे लागतात, आणि तासाच्या दराचा हिशेब मांडला की ते काम पुण्यात येतं. आम्ही तीस-चाळीस जणं रात्रपाळीला बसतो आणि वाचतो.

ज्याची मेलपेटी, तो आमच्या भाषेत 'कस्टोडियन'. प्रत्येक मेलवर टॅग लावायचा: संबंधित, असंबंधित, वकील-अशील गोपनीय. त्यापुढचं काम रिडॅक्शनचं. मेल द्यायचा, पण त्यातल्या काही ओळींवर काळी पट्टी ओढून. तिसऱ्या दिवशी कस्टोडियनची मुलं, त्याची ॲसिडिटी, मेव्हण्याशी असलेलं वाकडं, सगळं तोंडपाठ होतं. एका खटल्यात कंपन्यांनी संगनमतानं किमती ठरवल्याचा आरोप होता. ज्या मेलनं एका कंपनीचा घात केला, त्याच मेलच्या शेवटच्या दोन ओळी मुलीच्या दातांच्या तारेचे पैसे कुणी भरायचे याबद्दल होत्या. (तपशील बदलले आहेत, नाहीतर सनद जायची.) वरच्या चार ओळी कोर्टाच्या, खालच्या दोन त्या मुलीच्या. पत्र एकच.

हे सांगितलं की लग्नकार्यात हमखास प्रश्न येतो: पुढाऱ्यांचे मेल लोकांना वाचायला मिळावेत का? माझं उत्तर सोपं आहे. जनतेच्या कामासाठी लिहिलेलं पत्र जनतेचं, मग ते कुठल्याही खात्यातून गेलेलं असो. मला काळजी आहे ती पुढच्या प्रश्नाची, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. त्या पत्रावर काळी पट्टी कोणी ओढायची?

सारा पेलिन यांची गोष्ट आमच्याकडे नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात सांगते. 2008 च्या ऑगस्टअखेरीस अलास्काच्या या गव्हर्नरबाईंना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. सरकारी कामाचे काही मेल त्या याहूच्या खासगी खात्यातून पाठवत. सप्टेंबरात एका कॉलेजच्या विद्यार्थ्यानं ते खातं उघडलं. त्यासाठी त्याला कसलीही कारागिरी करावी लागली नाही. पासवर्ड विसरल्यावर याहू जे प्रश्न विचारी, त्यांची उत्तरं, म्हणजे जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा पहिल्यांदा कुठे भेटला, ही सगळी इंटरनेटवर थोडं शोधलं की सापडणारी होती. पोराला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली, ती योग्यच झाली.

पण त्याच महिन्यात पत्रकारांनी सरळ मार्गानंही अर्ज केले. त्या अर्जांवर मेल हाती पडले ते 10 जून 2011 रोजी. तोवर बाईंनी गव्हर्नरपद सोडूनही जवळजवळ दोन वर्षं झाली होती. मेल मिळाले तेही कागदावर छापून: 24,199 पानं, सहा खोकी. अलास्काची राजधानी जुनोला रस्त्यानं पोहोचताच येत नाही, त्यामुळे बातमीदार विमानानं गेले, नकलांचे सातशे पंचवीस डॉलर भरले, खोकी घेऊन आले आणि पुन्हा स्कॅन करत बसले. संगणकात जन्मलेलं पत्र छापून देणं म्हणजे आमच्या दृष्टीनं गहू मागितल्यावर रवा देणं. पोट भरेल, पण पेरता येणार नाही. मेल कधी उघडला, कुणाकुणाला गुपचूप प्रत गेली, ही माहिती कागदावर उतरत नाही.

खोक्यांतून फारसं सनसनाटी काही निघालं नाही. काय दिलं नाही, ते मात्र पाहण्यासारखं होतं. दोन हजारांहून जास्त पानं राखून ठेवली होती. शिवाय काही मेल 'शासनाची अंतर्गत मसलत' म्हणून आधीच अडवले गेले होते, आणि त्यांच्या प्रती बाईंच्या यजमानांना गेलेल्या होत्या. यजमान सरकारी नोकर नव्हते. आमच्याकडे वकिलाच्या मेलवर बाहेरच्या माणसाची प्रत दिसली, की गोपनीयतेचा टॅग काढायला हात आधी जातो. गुपित तिसऱ्याच्या कानात गेलं की गुपित उरत नाही. इथे तिसरा घरचा होता आणि पट्टी ओढणारा सरकारचाच वकील होता. पुढे 2012 मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं एवढं मान्य केलं, की खासगी खात्यातलं सरकारी कामाचं पत्रही सार्वजनिक दप्तरात मोडू शकतं.

हिलरी क्लिंटन यांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यातली फक्त माझ्या धंद्याची गोष्ट सांगते. परराष्ट्रमंत्री असताना त्यांचा मेल सर्व्हर न्यूयॉर्कजवळच्या चॅपाक्वातल्या घरी होता. मेल परत मागितल्यावर त्यांच्याच वकिलांनी निवड केली: 30,490 सरकारी म्हणून दिले आणि 31,830 खासगी ठरवले. योगासनं, मुलीचं लग्न, आईच्या अंत्यविधीची तयारी असं त्यात आहे, असं बाईंनी पत्रकारांना सांगितलं. खासगी ठरलेले मेल नंतर पुसले गेले. 2016 च्या जुलैत एफबीआयच्या संचालकांनी सांगितलं, की वकिलांनी प्रत्येक मेल उघडून वाचलाच नव्हता. त्यांनी वरचे मथळे पाहिले आणि शोधशब्द टाकले. शिवाय कामाचे काही हजार मेल दिलेल्यांत नव्हते, ते तपासात सापडले. मुद्दाम लपवण्यासाठी पुसल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

हेतूचं मला ठाऊक नाही, मी वाचणारी बाई आहे. न वाचता 'असंबंधित' टॅग लावणाऱ्या मुलाला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायला सांगत नाहीत. शोधशब्दांवर भिस्त ठेवली तर काय होतं, त्याचा मासला त्यांच्याच मेलांत आहे. 2010 च्या मार्चमधला एक मेल. विषय: गेफिल्टे फिश. मजकूर एका ओळीचा, त्याचं कुठवर आलं? गेफिल्टे फिश म्हणजे ज्यू लोक सणाला करतात तो माशांचा पदार्थ. वरवर बघणारा हा मेल रेसिपी म्हणून बाजूला टाकील. प्रत्यक्षात इस्रायलनं अमेरिकेहून आलेल्या कार्प माशांवर जबर आयातशुल्क लावलं होतं, इलिनॉयमधल्या व्यापाऱ्याचा माल अडला होता आणि मंत्रीणबाई त्याचा पाठपुरावा करत होत्या. मेल सरकारी होता, सोळा आणे. आणि मला विचाराल तर त्यांच्या कारभाराबद्दल चांगलं बोलणारा होता.

आता जेब बुश. यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ते 1999 ते 2007 फ्लोरिडाचे गव्हर्नर होते. आपला मेल पत्ता ते उघडपणे सगळ्यांना देत आणि लोकांना स्वतः उत्तरं पाठवत. फ्लोरिडात सरकारी कागद पाहण्याचा हक्क राज्यघटनेतच आहे. तिथल्या सरकारी मेलच्या तळाशी सूचना असते, की तुमचा पत्ता उघड व्हायला नको असेल तर मेल पाठवू नका, फोन करा किंवा पत्र लिहा. अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरायच्या बेतात असताना, 10 फेब्रुवारी 2015 रोजी, बुश यांनी आपल्या कारकिर्दीतले अडीच लाखांहून जास्त मेल स्वतःहून जाहीर केले. पारदर्शकतेचा दाखला म्हणून. सरकारी कुठले आणि खासगी कुठले, हे त्यांच्याच माणसांनी ठरवलेलं होतं, पण ते असो.

काही तासांत लक्षात आलं, की पुढारी उघडा पडलेलाच नाही. उघडे पडले ते त्याला लिहिणारे. कुणी नोकरी गेल्याचं लिहिलं होतं, कुणी आजाराचं, कुणी मुलाच्या ताब्याच्या भांडणाचं. नावं, पत्ते, फोन, सगळं होतं. सर्वात मोठा साठा एका प्रेझेंटेशनमध्ये निघाला. राज्याच्या कुटुंबसेवेसाठी रांगेत नाव लावलेल्या सुमारे साडेबारा हजार माणसांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. हा क्रमांक म्हणजे आपल्या आधार आणि पॅनची भेळ. तो हाती लागला की दुसऱ्याच्या नावावर कर्ज निघतं. ही पत्रं कायद्यानं आधीच सार्वजनिक आहेत, असा बचाव झाला, आणि मग घाईघाईनं क्रमांक पुसले गेले.

हे वाचलं त्या रात्री मी पाळीला होते. पुढाऱ्याच्या पेटीत त्याचं स्वतःचं फार थोडं असतं, हे तेव्हा मला नीट उमगलं. बाकी सगळं दारात आलेल्या लोकांचं. आणि या लोकांचा पुढारी दोन्हीकडून उपयोग करून घेतो. मिरवायचं असलं की त्यांच्यासकट पेटी उघडतो, लपवायचं असलं की त्यांच्या अब्रूकडे बोट दाखवून पेटी बंद ठेवतो.

पुढच्या वर्षी तिसराच प्रकार झाला. क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाची पेटी चोरली गेली आणि 7 ऑक्टोबर 2016 पासून विकिलीक्सनं ती हप्त्याहप्त्यानं बाहेर काढली. रिसोटो हा भाताचा पदार्थ कसा ढवळायचा, याचा सल्लाही त्यात होता. जेवणाखाणाच्या मेलांत काही लोकांना सांकेतिक भाषा दिसू लागली, आणि त्या अफवेवर विश्वास ठेवून डिसेंबरात एक माणूस रायफल घेऊन वॉशिंग्टनच्या एका पिझ्झा दुकानात शिरला आणि त्यानं गोळ्या झाडल्या. दैवानं कुणाला लागल्या नाहीत. राघोबादादांच्या पत्रातल्या 'ध' चा 'मा' झाला ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. आज एक अक्षर बदललं तर मेलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळखक्रमांक, बदलतो, चोरी पकडता येते. पण 'ध' हा 'ध'च ठेवून वाचणाऱ्यानं 'मा' वाचला, तर त्याला हॅशचा उपाय नाही.

पट्टी कोणी ओढायची या बाबतीत स्वीडनकडे मी थोड्या असूयेनं बघते. तिथे 1766 पासून सरकारी कागद पाहण्याचा हक्क आहे. आंदेर्स ख्यूदेनियस नावाच्या फिनलंडकडच्या एका पाद्र्यानं त्यासाठी खटपट केली होती. मंत्र्याच्या नावावर आलेलं पत्रसुद्धा खात्याच्या कामाचं असेल तर ते दप्तराचं. मागणाऱ्यानं आपण कोण आणि कशाला हवं, हे सांगायची सक्ती नाही. मागितलं तर नकार लेखी आणि कारणासह द्यावा लागतो, आणि त्यावर कोर्टात जाता येतं. म्हणजे पट्टी खात्यानं ओढली तरी ती खरवडून बघायचा हक्क तिसऱ्याला आहे.

आपल्याकडचा कायदा कागदावर याहून फार मागे नाही. महाराष्ट्रानं माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, 2002 सालीच केला. केंद्राच्या 2005 च्या कायद्यात 'माहिती' या शब्दाची व्याख्या आहे, कलम 2(च). तीत 'ई-मेल' हा शब्द जसाच्या तसा आहे. कलम 10 म्हणतं, की कागदातला लपवण्याजोगा भाग वगळून बाकीचा द्या. ती आमचीच काळी पट्टी.

मी एकदा हौसेनं अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि एका रस्त्याच्या कामाबद्दल लोकप्रतिनिधी आणि एक कार्यालय यांच्यात आलेगेलेले मेल मागितले. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: सदर कार्यालयात ई-मेल अभिलेखात जतन केले जात नाहीत. अपील केलं. अपिलाच्या सुनावणीला साहेब सौजन्यानं वागले, चहा दिला, आणि म्हणाले, "मॅडम, आजकाल मेल कोण करतं? सगळं व्हॉट्सॲपवर असतं." ते खरंच बोलत होते. व्हॉट्सॲपवरच्या त्या बोलण्याला ना आवक क्रमांक, ना जावक.

खासगीपणाचं कलम म्हणजे 8(1)(ञ). त्याला आधी गाळण्या होत्या. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं खासगी आयुष्यावर अवाजवी आक्रमण होत असेल, तरच नकार. तिथेही मोठं जनहित असेल तर द्यायची. शिवाय एक सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारू नये. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं या गाळण्या काढल्या आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याला धरून हा बदल आहे असं समर्थन होतं. निकाल मला मान्य आहे. पण नाव, सही, हुद्दा, सगळंच वैयक्तिक म्हणता येतं. नाव नसलेलं पत्र मी चौदा वर्षांत पाहिलेलं नाही. आम्ही पट्टी ओढतो, इथे डांबराचा डबाच हातात दिला आहे. जनहिताचं कलम 8(2) शिल्लक आहे, पण त्याचा निर्णय आधी कोण करणार? ज्याच्या टेबलावर ती फाइल आहे तोच.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याची आत्या आली होती. निराधारांच्या अनुदानाचा तिचा अर्ज अडला होता आणि तिला आमदारांना मेल करायचा होता. म्हणजे मी करायचा होता. ती सांगत होती, मी टाइप करत होते. वय, गुडघे, रेशनकार्ड. मग ती म्हणाली, "लिही, मुलगा बघत नाही." माझा हात थांबला. फ्लोरिडाची ती रांग डोळ्यांसमोर आली.

"आत्या, हे नको लिहायला. किती जणं वाचतील, तुला माहीत नाही."

"अगं, ते नाही लिहिलं तर मिळायचं नाही मला. लिही."

मी लिहिलं. पाठवायच्या आधी तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा. मग स्क्रीनवर एका जागी बोट ठेवलं.

"एवढं त्याचं नाव तेवढं काढ."