पेन्शनीतला बेंजो

त्याचं नावच मुळी उसनं आहे. खरा बेंजो गोल असतो, कातडं ताणलेला, लांब मानेचा. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तो अमेरिकेत घडवला. आमचा बेंजो चौकोनी. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. पुस्तकात त्याला बुलबुलतरंग म्हणतात. पण सोलापुरात लग्नघरी जाऊन ‘बुलबुलतरंग सांगितलाय का?’ असं कोणी विचारलं, तर यजमान आधी त्यालाच पाणी देतील. इथं विचारायचं ते ‘बेंजो कुणाचा?’

जन्म जपानचा. 1912 साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरची बटणं पाहिली आणि ती तारांवर बसवली. त्याच वर्षी तिथं ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव ताइशोगोतो. घरात बसून हलकेच वाजवायची चीज. ती हिंदुस्थानात आली, कव्वालांच्या बैठकीत रुळली, आणि पुढं वरातीत उतरली. तिथं तिचा घरंदाज आवाज कोणाला ऐकू जाणार?

त्यात सोलापूरची वरात! 1877 सालची जुनी मिल केव्हाच बंद पडली, पण पूर्व भागात यंत्रमागांची खडखड राहिली. धोटा इकडून तिकडं आपटत असतो आणि माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलतात. ती सवय घरीही सुटत नाही. सोलापूरकर प्रेमाने बोलला तरी परगावचा पाहुणा भांडण समजतो. अशा गावात हलगी, ताशा आणि ढोल यांच्या मधोमध बिचाऱ्या पोलादी तारा काय बोलणार? मग पेटीला पिकअप लागला, हातगाडीवर अॅम्प्लिफायर आला, वर कर्णे चढले, मागे जनरेटर धुरकटू लागला. बेंजो ओरडायला शिकला. त्याला माज म्हणणारे म्हणोत. गर्दीत हरवलेलं पोरही असंच ओरडतं.

हीच गोष्ट सातासमुद्रापार घडली होती. ब्लूज गाणारा मडी वॉटर्स 1943 साली मिसिसिपीची शेती सोडून शिकागोला आला. पोटासाठी कागदाच्या कारखान्यात राबला, ट्रक चालवला, रात्री गिटार वाजवली. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. गावाकडचा ब्लूज असा शहरात येऊन खणखणीत झाला आणि पुढं रॉकवाल्यांनी तोच उचलला.

आमच्या गल्लीतल्या बेंजोला हे सगळं वयाच्या उतरणीला कळलं. त्याच्या अंगावरचा सनमायका कोपऱ्यांत उचकटलाय. बटणांवरचे आकडे बोटांनी पुसून खाल्लेत. एक बटण हरवलं, तिथं बॉलपेनचं निळं टोपण बसवलंय; नवखा वादक तिथं अडखळतो, तो वाजवणाऱ्या अण्णांचं बोट मात्र त्या टोपणावर घरी आल्यासारखं टेकतं. अण्णा दिवसा मागावर आणि सिझनला बेंजोवर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, मग गणपती, मग लग्नसराई, असं दोघांचं वर्ष जायचं. बेंजोने किती नवरदेव घोड्यावर चढवले याचा हिशेब नाही. एका वरातीत तर घोडं बुजून पळालं, पण हा गाणं पुरं करूनच थांबला.

मग डॉल्बी आला. त्याला ना जुळवावं लागतं, ना मधे चहा पाजावा लागतो. बेंजोच्या सुपाऱ्या कमी झाल्या, कर्णे विकले गेले, आणि एक दिवस तो जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. निवृत्तीचा सत्कार वगैरे काही नाही.

खाली उतरवला तो रिकामटेकड्यांनी. हलगीवाले मामा, एक ढोलकीवाले, पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे एक मास्तर आणि अण्णा. चौघांचे गुडघे मिळून एकही धड नाही. संध्याकाळी बंद कारखान्याच्या पडवीत बसतात. एकदा मास्तरांनी मोबाइलवर जुना ब्लूज लावला. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले नि म्हणाले, “रातपाळी करून आलेल्या माणसाचं गाणं हाय बे हे!”

आणि वाजवायला बसले. पण ब्लूजचा जीव असतो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या फटीत, आणि बेंजोला त्या फटीत बटणच नाही. बटणवाल्या वाद्याचं हे जन्माचं दुखणं. अण्णांनी कोमल गंधाराचं बटण दाबलं, आणि मग जरा जास्त दाबलं. तार ताणली गेली, सूर केसभर वर सरकला आणि तिथंच कण्हत राहिला. वरातीत असला बारकावा कोणाला ऐकू आला असता? एवढी वर्षं हा ओरडत होता. आता कुठं बोलला.

उन्हाळ्यात मात्र रोज एक तंटा. पारा चाळिशीपलीकडे गेला की हलगीचं कातडं वाळून ताठ होतं आणि तिचा आवाज चढतो. बेंजोच्या तारा तापून सैल पडतात आणि तो उतरतो. मामा म्हणतात, “तुझा पडला.” अण्णा म्हणतात, “तुझी चढली.” मग मामा ओल्या फडक्याने कातडं पुसतात, अण्णा चावीने तारा पिळतात. हलगी जरा उतरते, बेंजो जरा चढतो. पुन्हा टिपरू पडतं, पुन्हा तार छेडली जाते. दोघंही मान हलवतात आणि पुन्हा फडकं, पुन्हा चावी. तोवर मास्तरांचा चहा निवतो. कोणालाही घाई नसते. वरात केव्हाच पुढं गेलेली असते.