कोडोलीहून पन्हाळ्यास

आमची कोडोली वारणेच्या खोऱ्यांत, पन्हाळा तालुक्यांत. गड इतका जवळ कीं पाहुणे आल्याखेरीज आमचें तिकडे जाणें होत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आमचा एक जुना विद्यार्थी दारीं उभा राहिला. “गुरुजी, सातवीत असताना तुम्ही आम्हाला अक्षरांचा वीरगळ दाखवला होता. तो पुन्हा पाहायचाय. पण उजाडायच्या आत पोहोचायला हवं.” हा गृहस्थ हल्लीं पुण्यास राहून जुन्या वास्तूंचीं संगणकावर मोजमापें करतो. पिशवींत कॅमेरा, तिपाई व हातबत्ती. पुराणवस्तुसंशोधक म्हटला कीं कुदळ-फावडें आलेंच अशी आमची समजूत, तिला तेथेंच धक्का बसला.

वीरगळ पन्हाळ्याच्या वाटेनजीक एका उसाच्या बांधावर आहे. तीसएक वर्षांपूर्वीं त्यावरील दोन ओळींचा लेख आम्हींच खडूची भुकटी चोळून उतरून घेतला होता (असें चोळूं नये, हें आतां समजलें) व एका वार्षिक अंकांत छापलाही होता. पुढें दोघांतिघांनीं तो आमच्या नांवासकट उद्धृत केला, याचें आम्हांस भूषण वाटे.

जवळ जाऊन पाहतों तों दगडाभोंवतीं सिमेंटचा ओटा! कोणीं सद्भावनेनेंच बांधला असावा. पण खालची ओळ, जींत वीराचें नांव होतें, ती त्यांत गडप झालेली. वरची ओळही इतकी झिजलेली कीं बोटाला कळावी, डोळ्याला नाहीं.

शिष्यानें कॅमेरा तिपाईवर बसविला आणि अंधुक प्रकाशांत हातबत्ती कधीं डावीकडून, कधीं उजवीकडून, कधीं दगडाच्या अगदीं अंगासरशी तिरपी धरीत पन्नासएक छायाचित्रें घेतलीं. कॅमेरा जागचा हलवावयाचा नाहीं, उजेड तेवढा फिरवावयाचा. प्रत्येक चित्रांत सावली निराळी पडते. त्यांवरून पृष्ठभागाचा एकेक ठिपका कोणीकडे कललेला आहे हें संगणक काढतो. मग पडद्यावर आपण हव्या त्या दिशेनें प्रकाश टाकून पाहावें. दुसरी रीत याच्या उलट. तींत वस्तूभोंवतीं कॅमेराच फिरवितात, आणि एका चित्राचा बराच भाग पुढच्यांत येईल अशी खबरदारी घेतात. दोन डोळ्यांच्या किंचित् भिन्न दृष्टींतून आपणांस खोली कळते, तेंच हें गणित. त्यांतून दगडाची घनाकृति उभी राहते.

ऊन वर आल्यावर झाडाखालीं बसून त्यानें चित्रें जुळविलीं. पडद्यावर अक्षरें हळूहळू वर आलीं: ‘सकु’. आमच्या वहींत ‘शके’!

क्षणभर आम्हीं यंत्रासच दोष दिला. मग आठवलें. लेख कोरणाराचें ‘अशुद्ध’ त्या वेळीं आम्हांस सहन झालें नव्हतें. मुलांच्या निबंधांतील चूक सुधारावी तसा आम्हीं दगड सुधारला होता. वास्तविक ती चूकच नव्हे. यादवकालीन मराठींत नामाची प्रथमा अशी उकारान्त होत असे, आणि ‘सकु’ हा शब्द जुन्या मराठी शिलालेखांत आढळतो. दगडानें शतकानुशतकें सांभाळलेली भाषेची खूण आमच्या पंतोजीपणानें पुसून टाकली.

“मग गुरुजी, खालच्या ओळीतलं नाव?” शिष्यानें हळूच विचारलें.

वहींतलें नांव विसर्गासह, अगदीं शुद्ध संस्कृत आहे. दगडावर काय होतें, आम्हांस आठवत नाहीं. जुने पोथीलेखक अखेरीस लिहीत कीं जसें पाहिलें तसें उतरलें, दोष आम्हांकडे नाहीं. आम्हांस तसें लिहिण्याचा अधिकार उरला नव्हता. यंत्रास आहे; त्यास व्याकरण येत नाहीं.

दुपारीं गडावर गेलों. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत पन्हाळा आहे. अंबरखान्याजवळ भाकरी खाऊन, इंग्रजांनीं १८४४ सालीं पाडलेल्या चार दरवाजाच्या अवशेषांशीं आलों. हा संगणकांत पुन्हा उभा करतां येईल काय, असें विचारतां तो म्हणाला, “येईल. पण उरलेले चिरे एका रंगात आणि आपण तर्कानं रचलेले दुसऱ्या रंगात दाखवायला हवेत. नाहीतर पाहणाऱ्याला सगळंच खरं वाटेल.” सकाळींच पोळलेल्या आम्हांस हें फारच पटलें.

पॅरिसचें नोत्र दाम मंदिर अँड्र्यू टॅलन नांवाच्या कलेतिहासाच्या अध्यापकानें लेझर किरणांनीं मोजून ठेविलें होतें. तो २०१८ सालीं वारला. २०१९ च्या एप्रिलांत मंदिराचें छप्पर आगींत गेलें, आणि तीं मापें पुनर्बांधणीच्या कामीं आलीं. आमच्या चार दरवाजास असा कोणी भेटला नाहीं. उत्खननाचेंही तसेंच. कोल्हापुरांतील ज्या ब्रह्मपुरीच्या टेकडींत रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ति सांपडली, ती १९४५-४६ सालीं सांकलिया व दीक्षित यांनीं शास्त्रशुद्ध खणली. परंतु एकदां खणलेला थर पुन्हा खणतां येत नाहीं. मागें राहतें तें टिपण, आणि टिपणाराचा प्रामाणिकपणा.

रात्रीं घरीं येऊन तांबड्या शाईनें ‘शके’ खोडलें व ‘सकु’ लिहिलें. खालच्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह केलें. ज्यांनीं आमचें वाचन छापलें होतें, त्यांस पत्रें घातलीं. एकाचें उत्तर आलें आहे. शेताच्या मालकास भेटून, वीतभर सिमेंट जपून काढूं द्याल का, असें विचारावयाचें आहे. सध्यां त्याची ऊसतोड चालू आहे. ती आटोपली म्हणजे जाऊं.