उलथनं उभं राहीपर्यंत

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, मी प्रश्नावली घेऊन बसले होते. मुलं परदेशी असलेल्या ज्येष्ठांना व्हिडिओ कॉलचा, व्हॉट्सअ‍ॅपचा कितपत आधार होतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. हाताशी होती अमेरिकेत १९७८ साली तयार झालेली वीस विधानांची, एकाकीपणा मोजणारी पट्टी. तिचं मराठी आम्ही मोठ्या कष्टानं केलं होतं.

"आजी, तुम्हाला एकाकी वाटतं का?"

"छे गं! शेजार आहे, भजनी मंडळ आहे, लेक रोज फोन करते. एकाकी कशाला वाटेल?"

मी 'कधीच नाही'वर खूण केली. चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना आजी सहज बोलून गेल्या, "संध्याकाळी मात्र करमत नाही."

'एकाकी' हा आमचा, पुस्तकातला शब्द. घरोघरी म्हणतात ते 'करमत नाही'. पुढच्या घरांत मी तोच शब्द वापरला आणि माणसं मोकळेपणानं बोलू लागली.

आजींची लेक कॅलिफोर्नियात. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे इथे सकाळचे साडेआठ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. आजींनी हे कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलं होतं. एरवीचा कॉल दहा मिनिटांचा: जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का. मी पुन्हा गेले त्या सकाळी लेकीनं पुरणपोळीचा घाट घातला होता. आजींनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"पुरणात उलथनं उभं राहतंय का बघ. पडलं? मग अजून आटव."

तिकडे पुरण आटत होतं, इकडे आजी मेथी निवडत होत्या. मधे पाच-पाच मिनिटं कुणी बोलतही नव्हतं. पाऊण तास असाच गेला. फोन बंद करून आजी म्हणाल्या, "आज बरं वाटलं."

माझ्या तक्त्यात कॉल किती आणि मिनिटं किती, एवढेच रकाने होते. 'या कॉलमध्ये कुणाला तुमची गरज लागली का?' हा रकाना मी त्या दिवशी घातला. पुढे एका घरी नातवाकडून मराठी वाचून घेणारे आजोबा भेटले. त्यांचा रविवार त्या कॉलभोवती फिरायचा. दिवसभर सुप्रभातचे संदेश पाठवूनही न करमणारेही भेटले. माझी घरं मोजकीच होती, पण फरक मला दर वेळी त्या नव्या रकान्यातच दिसला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो. त्या एकासाठी नवं अ‍ॅप येईल तेव्हा येईल. तुमच्या हातातला फोन आजही पुरेसा आहे. आज आईला फोन कराल, तेव्हा 'जेवलीस का' एवढ्यावर थांबू नका. लोणच्याला मीठ किती घालू, ते विचारा, आणि ते घालून होईपर्यंत फोन चालू ठेवा.