गॅलरीतला दिवा

वाचकहो, हा लेख कोळंबीविषयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्या भगिनींना नाक मुरडायचे असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावे. आमच्या सौभाग्यवतींनी ते फार पूर्वी मुरडलेले आहे. "पर आणि खवले नाहीत असला जीव माझ्या स्वयंपाकघरात यायचा नाही," असे त्यांनी नातवाला बजावले होते. नातवाला मराठी येत नाही, पण 'कोळंबी' हा शब्द तो त्या दिवसापासून शिकला.

ही कोळंबी खायची नव्हे, निदान माणसाने खायची नव्हे. खाऱ्या पाण्यात वाढणारा हा अगदी बारीक जीव. शास्त्रात त्याला आर्टेमिया म्हणतात. त्याची अंडी म्हणजे तपकिरी धूळच. एका ग्रॅमात दोन-तीन लाख भरतात. ही धूळ कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की एका दिवसात त्यातून नारिंगी ठिपक्याएवढी पिल्ले बाहेर पडतात. माशांच्या नवजात पिलांचे तोंड इतके लहान असते की दुसरे फारसे काही त्यांना गिळता येत नाही, आणि जे हालत नाही त्याकडे ती बघतही नाहीत. म्हणून ज्यांना घरी माशांची पैदास करायची असते ते ही कोळंबीही घरीच उबवतात. डबे बहुधा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकवरून आलेले असतात. आपल्याकडेही हा जीव आहे; मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५३ सालची आहे. त्या वेळी मी सहा वर्षांचा होतो आणि मिठागराचे पाणी लालसर का दिसते, हे वडिलांना विचारून त्यांचा ओरडा खात होतो. मृत समुद्र मात्र आमच्या दिमोनापासून इतका जवळ असून त्यात हा जीव जगत नाही. तिथले पाणी नुसते खारट नाही, त्यातले क्षारच निराळे.

आता नातवाचे सांगतो. आमचा थोरला मुलगा याच शिकुनमध्ये शेजारच्या जिन्याला राहतो. सूनबाई मोरोक्कोवाल्यांची, स्वभावाने फार चांगल्या, पण घरात मांजर आणि माशांची टाकी एकत्र नको म्हणाल्या. त्यामुळे टाकी आली आमच्याकडे, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. घरातली सर्वांत थंड जागा तीच. दिमोना वाळवंटात आहे म्हणून मुंबईचे नातेवाईक समजतात की आम्ही बारा महिने घाम पुसतो. गाव सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, आणि सिमेंटच्या या जुन्या इमारतींत बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा वाटतो, हे जे राहिले आहेत त्यांना ठाऊक आहे.

कोळंबीला लागते सव्वीस ते अठ्ठावीस अंश उष्णता. तेवढी मिळाली तर चोवीस तासांत पिल्ले फुटतात. वीस अंशांवर दोन दिवस लागतात आणि पंधराच्या खाली पाणी गेले की अंडी नुसती भिजत पडतात. मरत नाहीत, थांबतात. हा फरक मला फार उशिरा कळला, त्याची गोष्ट पुढे येईल.

नातू तेरा वर्षांचा असताना त्याने ऊब शोधण्याचे सगळे प्रयोग केले. आधी बाटली फ्रिजवर ठेवली. तिथे खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतात, पण तेवढ्याने भागेना. मग एका शुक्रवारी त्याने ती शब्बाथच्या प्लात्याजवळ टॉवेलात गुंडाळून ठेवली. शनिवारी रात्री पाहतो तर पाणी चाळीस अंश, अंडी खलास, आणि स्वयंपाकघरात कोळंबी आल्याबद्दल आजीने घर डोक्यावर घेतलेले. शेवटी मी त्याला फळांच्या खोक्याच्या फळ्यांची एक पेटी करून दिली. मी गिरणीत फिटर होतो, एवढे काम अजून जमते. आतून थर्माकोल, एका कोपऱ्यात पंचवीस वॅटचा दिवा, दिव्यावर छिद्रे पाडलेला टिनाचा डबा, म्हणजे काही जळायला नको. समोर दीड लिटरच्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या उलट्या, तळ कापलेल्या. खालून बुचातून हवेची नळी. दिव्याने दोन कामे होतात. ऊब तर मिळतेच, पण भिजल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत अंड्यांना उजेडही लागतो.

लिटरभर पाण्याला जाडे मीठ दीड मोठा चमचा, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि अर्धा लहान चमचा अंडी. मीठ कोणते, तर मांस काशेर करायचे तेच! सौ.ला हे कळल्यावर तिने कोळंबीसाठी वेगळी पिशवी आणायला लावली. गाळायला मलमलीचा तुकडा तिनेच दिला, बिरड्याचे वाल बांधायच्या जुन्या फडक्यातला, पण तो परत घेतला नाही. आमच्या न्हाणीघरात त्याच्यासाठी वेगळा खिळा आहे. मांसाची भांडी, दुधाची भांडी आणि कोळंबीचे फडके अशी आमच्या घरात तीन खाती चालतात.

पेटी चांगली चालली. अडचण राहिली ती वेळेची. गुरुवारी संध्याकाळी लावलेली बाटली शुक्रवारी शब्बाथच्या आत काढता आली पाहिजे, आणि दोन अंश कमी पडले की ती शनिवारी पहाटे तयार होणार. तो मुलगा त्यासाठी गुरुवारी शाळेतून धावत यायचा.

आता माझा अपराध. २०१७ सालचा हन्नुका होता. नातवाच्या एंजल माशांनी अंडी घातली होती. त्याआधी तीनदा त्या जोडप्याने आपली अंडी आपणच खाल्ली होती; या वेळी त्याने ती वेगळ्या टाकीत हलवली आणि पिल्ले सुटून पोहू लागली, शे-दीडशे तरी. त्याने सकाळी पेटीत बाटली लावली आणि शाळेच्या सहलीला गेला. मी गॅलरीत गेलो तर भर दिवसा दिवा जळतोय. वाचकहो, मी भायखळ्याच्या चाळीत वाढलो. आमच्या खोलीत एकच दिवा होता आणि तो गरजेपेक्षा पाच मिनिटे जास्त जळला तर वडील बोलत. पेटी मी स्वतः केली होती, दिवा मी स्वतः बसवला होता, तरी हात आपोआप बटणावर गेला. पोरगा विसरून गेला, असे पुटपुटत मी तो मालवला.

संध्याकाळी साडेसहाला सौ. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि तिथूनच ओरडली. "हन्नुकाच्या सणात दिवा मालवणारे सगळ्या इस्राएलात तुम्ही एकटेच!" मी घाईघाईने दिवा लावला. सात वाजता नातू आला, पेटी उघडली, थर्मामीटर पाहिला, आणि मी सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत राहिलो. मी काही बोललो नाही. रात्री नऊ वाजले तरी एकही पिल्लू फुटले नाही, तेव्हा तो म्हणाला, डबाच खराब निघाला. तेव्हाही मी बोललो नाही. त्याने बाटली ओतून दिली आणि जवळजवळ भरलेला डबा कचऱ्यात टाकला. तो थांबला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीत पिल्ले निघाली असती. थंडीने ती फक्त अडली होती. दुसऱ्या दिवशी तो बसने बेरशेव्याला गेला, नवा डबा घेऊन आला, पुन्हा चोवीस तास. तोपर्यंत टाकीच्या तळाशी पांढरे ठिपके पडू लागले होते. एकही वाचले नाही. नंतर कितीतरी आठवडे तो आमच्याकडे आला की सरळ गॅलरीत जाई आणि सरळ घरी परते. मी 'शालोम' म्हटले की 'शालोम' म्हणे, बस्स.

सौ.ने मला सांगायला सांगितले होते. मी म्हटले, आता सांगून काय उपयोग. माझी हिब्रू पन्नास वर्षांनंतरही बाजारहाटापुरतीच आहे, हे कारण मी पुढे केले. तिला ते पटले नाही.

२०२१ मध्ये नातू सैन्यात गेला. टाकी विकून टाकू, असे थोरला म्हणत होता. मी म्हटले, राहू दे, मी बघतो. नातवाने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मग चार पाने भरून सूचना लिहून दिल्या, माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत.

१८ जानेवारी २०२२ ला एंजलांनी पुन्हा अंडी घातली. तिसऱ्या दिवशी ती फुटली. २६ तारखेला बुधवारी सकाळी पिल्ले पोहू लागली. मंगळवारी संध्याकाळी लावलेली पहिली बाटली वेळेवर तयार झाली. हवा बंद केली, दहा मिनिटे थांबलो. टरफले वर तरंगली, पिल्ले उजेडाकडे खाली जमली. नळीने ओढून मलमलीत गाळली, गोड्या पाण्याने धुतली आणि टाकीत सोडली. दुसरी बाटली सकाळीच लावलेली होती, गुरुवार सकाळसाठी.

ती रात्र पुष्कळांच्या लक्षात असेल. जेरुसलेमला बर्फ पडला. आमच्याकडे नुसता वारा आणि गारठा. सगळ्या इमारतीने एकाच वेळी शेगड्या लावल्या आणि नऊ वाजता काळोख झाला. दिवा गेला, टाकीचा हीटर गेला, हवेचा पंप गेला.

मी टॉर्च घेऊन नुसताच उभा राहिलो. हालचाल केली ती सौ.ने. "बिरड्याला थंडीत ऊब कोण देतं? मीच ना? सरका." १९७४ च्या जानेवारीत आमचा थोरला दीड महिन्याचा होता आणि घासलेटची शेगडी रात्री विझायची. तेव्हा तिने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या होत्या. तेच तिने आता केले. गॅस चालू होता. मोठ्या पातेल्यात पाणी कोमट केले, कोळंबीची बाटली त्यात उभी केली, वर गोधडी. पातेले तिच्या स्वयंपाकघरातले, ओट्यावर! मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. गरम पाण्याच्या बुचबंद बाटल्या पिलांच्या टाकीत तरंगत ठेवल्या आणि टाकीवर दोन रजया टाकल्या.

हवेचे काय? पंप बंद पडला की अंडी तळाला बसून गुदमरतात. मी दोन लोटे घेतले आणि चहा गार करतो तसे ते पाणी दर पंधरा मिनिटांनी उंचावरून एकातून दुसऱ्यात ओतत बसलो.

दहाला नातवाचा फोन आला. तो रोज एकच प्रश्न विचारायचा. "सबा, किती अंश?"

"सव्वीस. टाकी पंचवीस." मग म्हटले, "वीज गेली आहे. नऊपासून."

तो क्षणभर गप्प झाला. मी सगळे सांगितले, लोटे, पातेले, गोधडी. गोधडीला हिब्रूत काय म्हणतात ते मला आले नाही. तो हसला. मग म्हणाला, "वीज आली की दिवा लाव. आणि सबा, दिवसाही चालू ठेव हं."

हिब्रूत आजोबांनाही 'तू'च म्हणतात, त्याने काही वाटत नाही. पण त्या 'दिवसाही'ने माझा हात थांबला. मी विचारले, तुला कोणी सांगितले, सफ्ताने?

"कुणी नाही. मी घरी आलो तेव्हा दिवा लागलेला होता आणि पाणी पंधरा अंश होते. दिवा दिवसभर लागलेला असता तर पंधरा असते का?"

"मग चांगला डबा का फेकलास?"

"कशावर तरी राग काढायचा होता. तुझ्यावर काढता येईना."

मी त्याला चार वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते ते तेव्हा म्हटले. हिब्रूत तो एकच शब्द आहे आणि तो मला पहिल्या महिन्यापासून येतो. तो म्हणाला, "सबा, पाणी ओत. पंधरा मिनिटे झाली."

वीज पहाटे चारला आली. टाकी तेवीसवर उतरली होती. कोळंबी सकाळी आठऐवजी दुपारी बाराला फुटली. एंजलांची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे कोणी खाल्ले आणि कोणी नाही हे पोटावरून दिसते. एकेक पोट नारिंगी होत गेले. बरीच मेली, पण साठ-पासष्ट वाढली आणि त्यातली वीसेक नातवाने सुट्टीत येऊन स्वतः निवडून ठेवली.

पेटी आता या कामाला नाही. तारेचे पंचवीस वॅटचे दिवे दुकानात मिळेनासे झाले आणि नवे एल.ई.डी. दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. कोणाला हे करायचे असेल तर माझा सल्ला असा, की पेटीच्या भानगडीत न पडता एका बादलीत पाणी भरून त्यात टाकीचा लहान हीटर अठ्ठावीसवर लावावा आणि बाटल्या त्या पाण्यात उभ्या कराव्यात. वीज गेली तरी बादलीभर पाणी लवकर निवत नाही, एवढा वेळ हाती राहतो. मात्र हीटर कधी पाण्याबाहेर उघडा पडू देऊ नये, फुटतो.

जुन्या पेटीत सध्या वालाला मोड येत आहेत. शेवटचे तीन दिवे सौ.ने कपाटात कुलूपबंद ठेवले आहेत आणि किल्ली माझ्याकडे देत नाही.